भाताच्या शेतातील उन्हाचा हिशेब

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, की त्या रात्री आपल्या बेळगाव-खानापूर भागातील शेतांतून बॅटऱ्यांचे उजेड फिरू लागतात. पूर्वी गॅसबत्त्या असत, आता बॅटऱ्या आल्या. काम मात्र तेच. खाचरात साचलेल्या पाण्यात मोठे पिवळे बेडूक ओरडत असतात. डोळ्यांवर उजेड पडला की ते जागच्या जागी थिजतात, आणि पोत्यात जातात. पुढे चार महिन्यांनी भात पोटरीत आले, की तीच माणसे आमच्याकडे येऊन विचारतात, "फादर, तुडतुडे फार झालेत, कुठले औषध मारू?" नाहीतर, "उंदरांनी बांध पोखरला, काय करू?"

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असे आम्ही म्हणालो तर पुष्कळांना ते पटत नाही. म्हणून या वेळच्या पानावर आम्ही एक हिशेब मांडणार आहोत. हा हिशेब पैशांचा नाही, उन्हाचा आहे. शेतावर किती ऊन पडते, त्यातले भातात किती उतरते, आणि भातातले पुढे कोणाकोणाच्या पोटात जाते, हे एकदा नीट पाहिले म्हणजे बेडूक, उंदीर, कोळी आणि शेण ही सगळी एकाच खातेवहीची पाने आहेत हे ध्यानात येते.

सुरुवात एका गुंठ्यापासून करू. गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर जागा. विजेचे बिल आपण सगळेच भरतो, तेव्हा युनिट म्हणजे काय ते सांगायला नको. पावसाळ्यातील ढगाळ दिवस धरूनही एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ४ युनिट तरी ऊन पडते. भाताचे पीक १२० दिवसांचे धरले, तर एका गुंठ्यावर ४८,००० युनिट ऊर्जा पडली. घरातल्या विजेच्या भावाने हे बिल आले असते तर कोणी भात लावलाच नसता!

आता हेच अन्नाच्या मापात मांडू. डॉक्टर आहाराबद्दल बोलताना ज्याला कॅलरी म्हणतात, त्या मापाने एक युनिट म्हणजे ८६० कॅलरी. म्हणजे गुंठ्यावर पडलेले ऊन झाले ४ कोटी १० लाख कॅलरींच्या घरात. आणि आपल्या हाती काय येते? एकरी २० क्विंटल भात धरा. गुंठ्याला ५० किलो झाले. गिरणीतून आणल्यावर त्याचे ३३ किलो तांदूळ होतील. एक किलो तांदळात सुमारे ३,५०० कॅलरी असतात. गुणाकार केला तर सव्वा लाखाहूनही कमी कॅलरी भरतात. म्हणजे उन्हाच्या साडेतीनशे भागांपैकी जेमतेम एक भाग तांदूळ झाला. कष्टकरी माणसाला दिवसाला २,३०० कॅलरी लागतात असे धरले, तर एक गुंठा एका माणसाला पन्नास दिवस पोसतो.

बाकीचे ऊन गेले कुठे? ते कोणी चोरले नाही. उन्हातला जवळजवळ निम्मा भाग असा असतो, की तो वनस्पतीच्या पानांना वापरताच येत नाही. तो नुसता ताप देतो. उरलेल्यातला काही पानांवरून परत फिरतो. लावणीनंतर पहिला महिनाभर रोपे लहान असतात, तेव्हा पुष्कळसे ऊन दोन चुडांमधल्या पाण्यावरच पडते. पानांतून पाण्याची वाफ करण्यातही खूप खर्च होतो. हे सगळे वजा जाता पानांतील हिरवे द्रव्य थोडासा उजेड पकडते, आणि हवेतील कर्बवायू व मुळांनी आणलेले पाणी यांची साखर बनवते. पृथ्वीवरचे जवळजवळ सगळे अन्न याच एका कारखान्यात तयार होते.

ही साखरही सगळी साठत नाही. झाडाला स्वतःला जगायचे असते. ते रात्रंदिवस श्वास घेते, मुळे वाढवते, पाने दुरुस्त करते. तयार केलेल्या साखरेचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग याच कामी जातो. रात्र जितकी उष्ण, तितका हा खर्च जास्त. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरील अनेक वर्षांच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवून दिले, की उन्हाळी हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढले तर भाताचे उत्पन्न सुमारे शेकडा १० ने घटते. आपले जुने शेतकरी म्हणतात, की दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला की दाणा चांगला भरतो. त्यांनी संस्था पाहिली नव्हती, पण शेत पाहिले होते.

दाणे, पिंजर, मुळे असे सगळे मिळून पाहिले, तर भाताच्या रोपात उन्हाच्या शंभर भागांपैकी साधारण एक भाग साठतो. हा एक भाग म्हणजे आपल्या शेताची सगळी मिळकत. यापुढे जो कोणी खाणार, तो या एका भागातलेच खाणार. नाकतोडा असो, उंदीर असो, बैल असो, की आपण.

आता पुढची पायरी. उंदराचे उदाहरण घेऊ, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांच्याच तक्रारी आहेत. पाव किलो वजनाचा शेतातला उंदीर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम दाणे खातो. वर्षाचे झाले ९ किलो. पण वर्षाअखेर उंदीर ९ किलोने वाढलेला दिसतो का? नाही. खाल्लेल्यातले काही लेंडीवाटे बाहेर पडते. उरलेल्यातले बहुतेक सगळे धावणे, पोखरणे, श्वास घेणे, आणि मुख्य म्हणजे अंग गरम ठेवणे यात जळून जाते. उंदीर, मांजर, घुबड, गाय, माणूस ही सगळी उष्ण रक्ताची. आतली शेगडी रात्रंदिवस पेटती ठेवणे हा त्यांचा मोठा खर्च. म्हणून अशा प्राण्यांनी पचवलेल्या अन्नातील शंभर भागांपैकी एक ते तीन भागच अंगात मांस म्हणून किंवा पिल्लांच्या रूपाने उरतात. बेडूक, साप, कोळी, नाकतोडा यांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगाला बाहेरची ऊब चालते. आत शेगडी नाही, त्यामुळे खर्च कमी आणि वाढ जास्त. कीटकांच्या बाबतीत पचवलेल्यातले शेकडा ४० पर्यंत अंगी लागते.

एक पायरी चढताना सरासरी दहातला एकच भाग वर जातो, बाकीचे नऊ उष्णता होऊन हवेत जातात, असा ठोकताळा शाळेच्या पुस्तकांत दिलेला असतो. तो काटेकोर नियम नव्हे. कुठे वीस, कुठे दोन, असे होते. पण अंदाजाला तो बरा आहे. या विचाराची पहिली नीट मांडणी रेमंड लिंडमन नावाच्या अमेरिकन तरुणाने केली. मिनेसोटा राज्यातील एका लहानशा दलदलीच्या तळ्यात त्याने शेवाळ, पाणकिडे आणि त्यांना खाणारे जीव यांचा अनेक वर्षे हिशेब ठेवला. त्याचा लेख १९४२ साली छापून आला, पण तो पाहायला लिंडमन राहिला नव्हता. त्याच वर्षी सव्विसाव्या वर्षी आजाराने त्याचे निधन झाले.

यावरून एक गोष्ट आपोआप उलगडते. खाणाऱ्यांची साखळी फार लांब का होत नाही? भात, नाकतोडा, बेडूक, साप, आणि सापाला खाणारा गरुड. इथे पाच पायऱ्या झाल्या, आणि बहुधा येथेच साखळी संपते. गरुडाला खाऊन जगणारे जनावर असते, तर त्याला एका पोटासाठी किती रान फिरावे लागले असते! वाघाचेच पाहा. कर्नाटकातील वाघांचा अभ्यास करणारे उल्हास कारंत यांनी सांगितले आहे, की एका वाघाला वर्षाला चितळ-सांबरांसारखी सुमारे ५० जनावरे लागतात, आणि कळप कमी न होता ती मिळायची, तर रानात अशी ५०० जनावरे असावी लागतात. खानापूरच्या भीमगडच्या रानाला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे वाघ का थोडे, असे विचारणाऱ्याने आधी तिथे सांबरे किती आहेत ते विचारावे.

त्याच भीमगडच्या रानात बारापेडे नावाची गुहा आहे. तिच्यात एक दुर्मिळ वटवाघूळ राहते. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, आणि पुढे कित्येक वर्षे साऱ्या जगात ते याच एका ठिकाणी आहे असे मानले जाई. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. हे वटवाघूळ फळांना शिवत नाही. रात्रभर उडते किडे खाते. वटवाघूळ म्हटले की अंगावर शहारे आणणाऱ्या मंडळींनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

हा हिशेब आपल्या ताटालाही लागू आहे. बाजारातील ब्रॉयलर कोंबडी पावणेदोन ते दोन किलो खाद्य खाऊन एक किलो वजनाची होते. ऐकायला हे फार फायद्याचे वाटते. वर आपण उष्ण रक्ताच्या प्राण्यांचे शंभरात एक-दोन म्हणालो, मग ही कोंबडी इतकी काटकसरी कशी? कारण तिला शेडमध्ये दाटीने, उबेत ठेवतात, धावू देत नाहीत, आणि वाढीच्या सहा आठवड्यांतच कापतात. म्हातारपणाचा खर्च तिला करूच देत नाहीत. तरीही तिच्या खाद्यातील मका-सोयाबीनच्या कॅलरींपैकी चौथा-पाचवा हिस्साच आपल्या ताटात येतो.

याचा अर्थ मांस-अंडी सोडा असा कोणी घेऊ नये. वाढत्या मुलांना आणि गरोदर बायांना अंडे, दूध, मासळी हवीच, आणि ती मिळत नसतील तर भाताबरोबर डाळ तरी पुरेशी हवी. आमचा मुद्दा वेगळा आहे. जनावर काय खाते, हे पाहावे. गाय-म्हैस पिंजर आणि बांधावरचे गवत खाते. ते आपल्या पोटाला पचत नाही. तिच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात, ते गवताचे तंतू फोडून देतात. म्हणजे जे ऊन आपल्याला कधीच मिळाले नसते, ते दुधाच्या रूपाने मिळते. परसातली कोंबडी किडे आणि सांडलेले दाणे वेचते. डुकराला घरातले उष्टे-खरकटे जाते. इथे तोटा नाही, वसुली आहे. तोटा होतो तो माणसाच्या खाण्यासारखे धान्य जनावराच्या पुढे ओतले म्हणजे.

आता शेणाकडे वळू. गाईने खाल्लेल्या पिंजरातले बरेचसे शेणातून बाहेर येते, आणि त्यातही ऊन शिल्लक असतेच. नाहीतर शेणी पेटली असती का? येथे एक मोठा फरक समजून घ्यायला हवा. ऊर्जा एकाच दिशेने जाते. सूर्याकडून आली, भातात शिरली, गाईत गेली, उष्णता झाली, संपली. ती परत फिरून शेतात येत नाही. उद्या नवे ऊन लागते. पण नत्र, स्फुरद, पालाश यांचे तसे नाही. ती द्रव्ये मातीतून भातात, भातातून गाईत, गाईतून शेणात आणि शेणातून पुन्हा मातीत अशी फिरत राहतात. शेणी जाळली, की ऊर्जा तर जातेच, नत्रही धुरावाटे उडून जाते, आणि मातीला भेटते ती फक्त राख.

गोबर गॅसची खुबी याच फरकात आहे. टाकीतील जंतू शेणातली ऊर्जा तेवढी गॅसच्या रूपाने बाहेर काढून देतात, आणि नत्र मळीतच राहते. २५ किलो ओल्या शेणापासून सुमारे १ घनमीटर गॅस मिळतो. २ घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. तेवढेच शेण थापून जुन्या चुलीत जाळले, तर त्यातील उष्णतेपैकी शेकडा १० च्या आसपासच भांड्याला लागते. गॅसच्या शेगडीत शेकडा ५५ लागते. म्हणून गॅसने स्वयंपाकाला उष्णता जवळजवळ दुप्पट मिळते आणि खतही हातचे जात नाही. बाईच्या डोळ्यांतला धूर वाचतो, तो वेगळाच. आपल्या भागात गोबर गॅसच्या कित्येक टाक्या बांधल्या आणि दोन वर्षांत बंद पडल्या. त्याचे कारण बहुतेक ठिकाणी शास्त्रात नसून घरात जनावरे कमी झाली यातच आहे. दोन म्हशींवर मोठी टाकी बांधली तर ती उपाशीच राहणार.

कुजणाऱ्या काडीकचऱ्यात राहिलेल्या या ऊर्जेला आणखी एक गिऱ्हाईक आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे. चिखलणी झाली, की शेतात काय काय गाडले जाते? शेणखत, मागच्या पिकाची धसकटे, तण, बांधावरचा पाला. पाण्याखाली ते कुजू लागते. त्या कुजण्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर पाण्यातल्या बारीक अळ्या जगतात, आणि त्यांच्यातून चिलटांसारखे बारीक माश्यांचे थवे बाहेर पडतात. ते भाताला काहीही करत नाहीत. सकाळी खाचरावर ते घोंघावताना दिसले की आपल्याला वाटते, कीड आली. पण ती कीड नव्हे. ते कोळ्यांचे जेवण आहे.

हे प्रथम नीट उलगडले ते जावा बेटावर. इंडोनेशियात १९७० नंतरच्या दशकात भातावर कीटकनाशकांचा मारा सुरू झाला. सरकार त्यासाठी पैसाही देई. तरी तपकिरी तुडतुडे कमी होण्याऐवजी वाढतच गेले, शेतेच्या शेते जळाल्यासारखी वाळली. कारण असे, की औषधाने तुडतुडे मेले आणि कोळीही मेले. पण तुडतुड्यांची अंडी पानाच्या देठात लपलेली असतात, ती वाचली. आठवडाभरात नवे तुडतुडे बाहेर आले, तेव्हा त्यांना खाणारे कोणी उरलेच नव्हते. शेवटी १९८६ साली इंडोनेशियाच्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. भाताचे उत्पन्न घटले नाही.

पुढे तिथल्याच शेतांत केलेला एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका कोड्याचा उलगडा होता. लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शेतात तुडतुडे फारसे नसतात, मग कोळी एवढे कशावर जगतात? उत्तर निघाले, कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून येणाऱ्या त्या निरुपद्रवी माश्यांवर. शेतात सेंद्रिय खत जास्त टाकले, की या माश्या वाढल्या, आणि त्यांच्या मागोमाग कोळी आणि इतर शिकारी कीटकही वाढले. तुडतुडे येईपर्यंत पहारेकरी जेवूनखाऊन सज्ज. म्हणजे मागच्या वर्षीच्या पिंजरातले ऊन या वर्षी कोळ्याच्या रूपाने आपल्या भाताची राखण करते. लावणीनंतर पंधरा दिवसांत कोणी फवारणी केली, तर तो किडीवर घाव घालत नाही. पहारेकऱ्याच्या ताटावर घाव घालतो.

म्हणून व्हिएतनामच्या मेकाँग नदीच्या मुलखात १९९४ पासून शेतकऱ्यांना एक सोपी गोष्ट सांगण्यात आली. पहिले ४० दिवस फवारणी करायचीच नाही. या काळात पाने गुंडाळणाऱ्या अळीने काही पाने खाल्ली, तरी भात नवी पाने काढून ती भरपाई करतो. पाने पांढरी झालेली दिसली की आपला जीव खालीवर होतो, हे आम्हाला मान्य आहे. दुकानदारही बाटली काढून ठेवतो. पण चुडातल्या दहा पानांपैकी दोन खाल्ली गेल्याने दाणा कमी होत नाही. पोटरीच्या वेळी वरचे शेवटचे पान मात्र जपायला हवे. दाणा मुख्यतः वरच्या पानांच्या जोरावर भरतो.

विषाबद्दल आणखी थोडे. आपण वर पाहिले, की पायरीपायरीला ऊर्जा घटत जाते. काही विषांचे नेमके उलटे होते. डीडीटीसारखे विष शरीरात जळत नाही, लघवीवाटेही जात नाही. ते चरबीत बसून राहते. बेडकाने शंभर किडे खाल्ले, तर किड्यांतली ऊर्जा बेडकाने खर्च केली, पण शंभर किड्यांतले विष एका बेडकात गोळा झाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात क्लियर लेक नावाच्या तळ्यावर १९४९ ते १९५७ च्या दरम्यान चिलटे मारण्यासाठी डीडीटीच्या जातीचे औषध तीन वेळा टाकले. पाण्यात त्याचे प्रमाण दहा कोटी भागांत दोन भाग, इतके थोडे होते. पण मासे खाणारे पाणपक्षी शेकड्यांनी मेले, आणि त्यांच्या चरबीत हेच औषध दहा लाख भागांत १,६०० भाग निघाले. आपल्या देशात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली बंद करण्यात आला, आणि एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. त्याआधीच्या काळात देशात अनेक ठिकाणी आईच्या दुधातही डीडीटीचा अंश आढळला होता. तान्हे मूल हे साखळीत आईच्याही एक पायरी वर असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आज दुकानात उंदरांसाठी मेणाच्या वड्या मिळतात. त्यातल्या औषधाने रक्त गोठणे बंद होते आणि उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो. तोवर तो मंदावलेला, उघड्यावर फिरत असतो, आणि घुबडाला सर्वांत सोपी शिकार तीच. अशा काही उंदरांबरोबर घुबडही मरते. वड्या लावायच्याच असतील तर घराच्या आत, पेटीत लावाव्यात. मेलेला उंदीर उकिरड्यावर न टाकता पुरावा.

घुबडाविषयी आपल्या लोकांत फार अढी आहे. त्यातही चर्चच्या माळ्यावर किंवा जुन्या वाड्यात राहणारे, पांढऱ्या बदामी तोंडाचे गव्हाणी घुबड दिसले, की पोरे दगड घेऊन धावतात. आम्ही सांगतो, तोंडाकडे पाहू नका, खालच्या जमिनीकडे पाहा. तिथे केसांच्या आणि हाडकांच्या काळपट गोळ्या पडलेल्या असतात. घुबड न पचलेले असे ओकून टाकते. एक गोळी पाण्यात भिजवून फोडली, तर बहुधा एका-दोघा उंदरांच्या कवट्या मिळतील. शाळेतल्या मुलांना हे जरूर करून दाखवावे. आणि धामणीचेही तसेच. ती बिळात शिरते, जिथे घुबड किंवा मांजर पोचत नाही. तिला विष नाही. तिच्या वजनाच्या मांजराला जितके अन्न लागते, त्याच्या दहाव्या हिश्श्यावर ती जगते, म्हणून उंदीर कमी असलेल्या दिवसांतही ती शेत सोडून जात नाही.

राहिले बेडूक. एके काळी आपल्या देशातून दर वर्षी हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली ही निर्यात बंद झाली. हा मोठा बेडूक वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा त्याला पकडणे हा गुन्हाही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी वेळ पाहा. पहिल्या पावसाच्या दोन-चार रात्री हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ. एक मादी हजारो अंडी घालते. ती त्या रात्री पोत्यात गेली, तर गेलेला बेडूक एक नसतो. उरलेल्या तीन महिन्यांत नाकतोडे, भुंगेरे, खेकड्यांची पिल्ले, चिखलातले किडे हे सगळे खाऊन जे मांस झाले असते, आणि ज्यावर धामणी, बगळे, करकोचे जगले असते, तो सारा मधला जिना निघून जातो. नाकतोड्यांना मात्र भात खाण्याची पूर्ण मोकळीक मिळते. एका बेडकाच्या दोन तंगड्यांवर किती मांस असते? एका घासाचे. तेवढेच मांस हवे असेल तर परसात चार कोंबड्या पाळाव्यात.

आता ज्यांना या हंगामात काही करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी. लावणी झाली की एकरी आठ-दहा ठिकाणी बांबूचे टी आकाराचे मचाण रोवा. भाताच्या शेंड्यापेक्षा ते हात-दीड हात उंच असावे आणि वरची आडवी काठी हाताच्या अंगठ्याएवढी जाड असावी. दिवसा त्यावर कोतवाल बसतो आणि अळ्या टिपतो, रात्री घुबड. दाणा दुधात आला, की शेताच्या मधल्या भागातले मचाण काढून घ्या, नाहीतर चिमण्या-पोपट त्यावरच बसून लोंब्या ओरबाडतील. बांधावरचे, बिळांच्या जवळचे तेवढे राहू द्यावे. मळणी झाल्यावर पिंजरातले जनावरांना पुरेल तेवढे ठेवून बाकीचे खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थराथराने टाका. कडेला पेटवू नका. मसूर-वाटाणा पेरायचा असेल तर भाताची धसकटे तशीच ठेवून, ओल आहे तोवर पेरा.